कॅरिअरवरची जागा

बाबांनी आयुष्यात कधी गोळी घेतली नव्हती. निदान ते तसं सांगत तरी होते, आणि इतक्या जणांना इतक्या वेळा सांगत होते की त्यावर शंका घ्यायचं घरात कुणाला सुचलंच नव्हतं. सर्दी झाली की ते वाफ घेत, ताप आला की पांघरूण घेत, आणि कुणी डॉक्टरचं नाव काढलं की सायकलवर टांग टाकून दुकानात निघून जात. दुकान म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरचा एक गाळा. आत टायरट्यूबचे हार, बाहेर दुरुस्तीला आलेल्या सायकलींची रांग, आणि या दोन्हींच्या मधे उंबऱ्याजवळ बाबा चवड्यांवर बसलेले असायचे. त्यांचं निम्मं आयुष्य तिथे असंच बसून गेलं होतं.

अशा माणसाच्या पोटी औषधांत काम करणारी मुलगी जन्मावी, हा त्यांच्या मते देवाने केलेला एक विनोद होता. दोन मुलांतली ती लहान, म्हणून घरात तिला धाकटी म्हणत, आणि चाळिशीला टेकली तरी ती धाकटीच राहिली होती. "आमची धाकटी औषधं बनवते," बाबा गिऱ्हाइकांना सांगत, "पण माझ्या जिवावर तिचा धंदा चालायचा नाही." आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच हसत.

धाकटीचं काम खरं तर औषध बनवण्याचं नव्हतं, ते पोचवण्याचं होतं. सांधे सुजण्याच्या आजारावर एक औषध होतं. औषध गुणाचं, पण वाट चुकणारं. शरीरात गेलं की नको तिथे भटकायचं, आणि दुखऱ्या सांध्यापर्यंत पोचायच्या आत मूत्रपिंडं त्याला बाहेरचा रस्ता दाखवायची. तेव्हा धाकटीने त्याला रक्तातल्या एका प्रथिनाच्या पाठीवर बसवायचं ठरवलं. अल्ब्युमिन त्याचं नाव. हे प्रथिन मोठं परोपकारी. रक्तातल्या प्रथिनांत संख्येने सगळ्यात जास्त तेच, आणि चोवीस तास कुणाकुणाची ओझी वाहत हिंडणारं. शिवाय जिथे सूज असते तिथे ते आपसूक जमा होतं, कारण सुजलेल्या जागच्या रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात. म्हणजे वाहन फुकटात, आणि ते जाणारही नेमकं हव्या त्याच गावाला. कल्पना सांगायला इतकी सोपी होती, पण ती जमवण्यात धाकटीची काही वर्षं आणि डोक्यावरचे बरेचसे काळे केस खर्ची पडले होते.

त्याची परीक्षाही साधीच होती. कुणाचं तरी रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर येणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, काढून घ्यायचं. त्यात औषध मिसळायचं आणि इतक्या बारीक गाळणीतून गाळायचं की प्रथिन वरच अडकेल. औषध प्रथिनावर नीट बसलं असेल तर तेही वरच राहणार. बसलं नसेल तर खाली गळणार. मग खाली आलेलं पाणी तपासायचं. त्यात जितकं कमी औषध, तितकी धाकटीची कळी खुललेली. तिच्या स्वतःच्या रक्तात आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीच्या रक्तात खाली जवळजवळ काहीच येत नव्हतं. दोघींनी त्या दिवशी चहाबरोबर केकही खाल्ला होता.

पण पैसे देणारी जी समिती होती तिला केकने भागत नव्हतं. मागच्या बैठकीत जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका सभासदाने दोन प्रश्न विचारले होते. अल्ब्युमिनवर औषधं बसण्याच्या मुख्य जागा दोन, त्यांतल्या कुठल्या जागी तुमचं औषध बसतं? आणि हा आजार बहुतेक वयस्कांचा, तर त्यांच्या रक्तातही ते असंच बसतं का? उत्तरं पुढच्या बैठकीत द्या, नाहीतर हे काम इथेच थांबवू, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. थांबवू म्हणजे काय ते धाकटीला चांगलं माहीत होतं. फ्रीजमधला तिचा कप्पा दुसऱ्याला जाणार, आणि ती स्वतः इतरांचे नमुने तपासत बसणार.

पहिल्या प्रश्नाला अजून वाट सापडत नव्हती, म्हणून तिने दुसरा हातात घेतला. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांची एकच अट होती. रक्त देणारा माणूस वयस्क हवा आणि त्याला कसलंही औषध चालू नको. नमुना कसा स्वच्छ पाहिजे. अट रास्त वाटली, पण असा माणूस मिळेना. प्रत्येकीच्या घरी सासू-सासरे होते, मामा-मावश्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या उशाशी गोळ्यांचे डबे होते. कुणाला रक्तदाब, कुणाला साखर, कुणाला दोन्ही आणि वर झोपेची गोळी. धाकटी हात टेकायच्या बेतात होती, आणि मग तिला एकदम आठवलं की ज्याने कधी गोळीला हात लावला नाही असा एक माणूस रोज तिच्याच घरी जेवतो.

बाबा रक्त द्यायला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना कुणीतरी बक्षीस देणार आहे असा एकूण थाट होता. सिस्टरने दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, काका, काही औषध चालू आहे का? धाकटी शेजारीच उभी होती. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, छाती फुगवली आणि म्हणाले, "आजवर गोळी माहीत नाही." सिस्टर कौतुकाने हसली. रक्त देऊन झाल्यावर बाबांना खुर्चीतून उठायला मात्र वेळ लागला. खुर्चीचे दोन्ही हात धरून ते हळूहळू उभे राहिले आणि म्हणाले, एवढं रक्त गेल्यावर होणारच. गेलं होतं ते एक नळीभर. सगळे हसले, आणि धाकटीही हसली.

हसू फार टिकलं नाही. सोमवारी तिने बाबांचं सीरम गाळलं, खालचं पाणी तपासलं आणि आकडा बघून तिला तोंडात मारल्यासारखं झालं. औषध भसाभस खाली उतरलं होतं. प्रथिनावर बसायचं सोडून ते जणू दारातूनच परत आलं होतं.

आपल्या हातून काहीतरी चुकलं असणार, असं धरून ती कामाला लागली. गाळण्या बदलल्या. यंत्राचा वेग कमी करून पाहिला. औषधाची नवी बाटली उघडली, पाणी नवं घेतलं, थेंब मोजून घ्यायच्या पिपेट तपासून आणल्या. स्वतःचं सीरम पुन्हा गाळून पाहिलं, तर तिथे सगळं आलबेल. बाबांचं घेतलं की पुन्हा गळती सुरू. मैत्रीण म्हणाली, म्हातारं प्रथिन थकलं असेल बिचारं, आता ओझी घेत नसेल. ती गमतीने म्हणाली होती, पण धाकटीला ते खरं वाटायला लागलं. तसं असेल तर खेळ खलास. ज्यांच्यासाठी औषध करायचं त्यांच्याच रक्तात ते बसत नसेल, तर समितीने कप्पा काढून घेतला तरी काय चुकलं? कुठे माशी शिंकली याचा तिने सगळीकडे शोध घेतला. बाबांच्या शब्दावर मात्र तिने बोटसुद्धा ठेवलं नाही. यंत्र खोटं बोलेल, पण बाबा बोलायचे नाहीत, अशी तिची खात्री होती.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी न जाता दुकानात गेली आणि एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर धपकन बसली. बाबा एका सायकलचं मागचं चाक काढत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी विचारलं की बाई ओरडल्या का. तिने समितीच्या शुक्रवारच्या बैठकीचं सांगितलं, आणि आता बहुतेक सगळ्या मेहनतीवर पाणी पडणार हेही सांगितलं. बाबांनी पान्हा खाली ठेवला. नेमकं काय बिघडलंय ते मला समजेल असं सांग, म्हणाले. आजवर त्यांनी तिच्या कामाबद्दल कधी एवढं विचारलं नव्हतं.

तिने समोरच्या सायकलीकडे बोट दाखवलं. हे समजा अल्ब्युमिन. रक्तात अशा लाखो करोडो सायकली फिरताहेत. मागे कॅरिअर आहे. आमचं औषध त्या कॅरिअरवर बसतं आणि डबलसीट थेट सांध्यापर्यंत जातं. माझ्या रक्तात छान बसतं. तुमच्या रक्तात बसतच नाही, रस्त्यावर पडतं.

बाबांनी कॅरिअरवर हात ठेवला आणि त्याची स्प्रिंग उगाचच दोनदा वर-खाली केली.

"आणि कॅरिअरवर आधीच कुणी बसलेलं असेल तर?"

"मग काय, आमच्याला जागा नाही. पण तुमच्या कॅरिअरवर कोण बसणार? तुम्ही काही घेतच नाही."

असं म्हणून ती पर्स उचलून निघाली. तिचं लक्ष असतं तर तिला दिसलं असतं की बाबा चाक बसवताना त्याचा एक नट खालीच विसरले होते. पण तिचं लक्ष शुक्रवारकडे होतं.

आता इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाबांवर अन्याय होईल. धाकटीच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, लोखंडी जाळ्या आणि फाटकं बनवायचा कारखाना होता. तो बरेच दिवस बाबांच्या मागे लागला होता की आता पुरे झालं, दुकान बंद करा आणि घरात आराम करा. आईही त्याच्याच बाजूची, आणि खरं सांगायचं तर धाकटीसुद्धा. वाद होऊन होऊन शेवटी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत एक करार झाला. दादा म्हणाला होता, "ज्या दिवशी गुडघे बोलतील त्या दिवशी कुलूप." बाबा म्हणाले होते, "कबूल. पण माझे गुडघे मुके आहेत." आणि ते दाखवायला ते जागच्या जागी दोन उठाबशा काढून मोकळे झाले होते. त्या रात्री ते जरा लवकर झोपायला गेले, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बुधवारी सकाळी दरवाज्यावरच्या रखवालदाराने प्रयोगशाळेत फोन केला की एक काका आलेत, कामाचं विचारलं तर सांगत नाहीत. धाकटी धावत खाली गेली. आईला काही झालं की काय, असं तिला वाटलं. बाबा फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, आणि ही गोष्ट कुणी आजारी असल्याशिवाय घडत नसे. तिला बघून त्यांनी खिशातून एक पत्र्याची डबी काढली. पंक्चरची डबी होती ती, रबराचे तुकडे आणि सोल्युशनची ट्यूब ठेवायची. त्यांनी झाकण उघडून तुकडे बाजूला सारले. खाली गोळ्यांची पट्टी होती, आणि तिच्यातली अर्धी घरं रिकामी होती.

धाकटीने पट्टी उलटी करून नाव वाचलं. वेदनाशामक, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं.

"हेच बसलंय का गं कॅरिअरवर?" बाबांनी विचारलं.

किती घेता, तिने विचारलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, बाबा म्हणाले. दुखणं जास्त असेल तर झोपताना आणखी एक. कधीपासून, तिने विचारलं. बाबांनी समोरच्या झाडाकडे बघत सांगितलं की उठाबशांच्या आधीपासून.

तिला भयंकर राग आला. गाळण्या फुकट गेल्या होत्या, औषध फुकट गेलं होतं, झोप गेली होती. त्याहून जास्त लागलं ते हे की बाबा सिस्टरशी खोटं बोलले ते तिच्या तोंडाकडे बघून. आणि त्याहूनही जास्त हे की रोज एका टेबलावर जेवूनही तिला काही दिसलं नव्हतं. दुसऱ्यांच्या सांध्यांसाठी ती इतकी वर्षं डोकं खपवत होती, आणि घरातले दोन गुडघे तिच्या नाकासमोर कुरकुरत होते. ती बरंच काही बोलली. मूत्रपिंडांना काय होतं ते सांगितलं, पोटाला काय होतं ते सांगितलं, वयाचा उद्धार केला. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले.

मग ते हळूच म्हणाले, "अगं, गुडघे दुखणारा प्रत्येक जण ही गोळी घेतोच. मी एकटाच का?"

धाकटीने हातातल्या पट्टीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

तिच्या डोक्यात एकामागोमाग एक दोन दिवे लागले. पहिला असा की ही गोळी अल्ब्युमिनवर कुठल्या जागी बसते हे काही गुपित नव्हतं, पाठ्यपुस्तकातच दिलेलं होतं. दोहोंपैकी दुसऱ्या जागी. बाबांच्या गोळीने आपल्या औषधाला बसू दिलं नसेल, तर आपलं औषधही त्याच जागेसाठी भांडतंय. म्हणजे चष्मेवाल्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोमवारपासून तिच्या टेबलावर पडलेलं होतं आणि ती त्यालाच बिघाड समजून पुसून काढायला निघाली होती. दुसरा दिवा लागला तेव्हा तिने चक्क कपाळावर हात मारून घेतला. सांधेदुखीवरचं औषध, आणि ते तपासायला त्यांनी काय शोधलं? गुडघे दुखायच्या वयाचा, पण गुडघे न दुखणारा माणूस. स्वच्छ नमुना पाहिजे म्हणून सगळी प्रयोगशाळा असा माणूस धुंडाळत फिरली होती की ज्याला या औषधाची कधी गरजच पडणार नव्हती.

"बाबा, तुम्ही आज दुकानात जा," ती म्हणाली. "आणि ही पट्टी माझ्याकडे राहू दे."

"म्हणजे कुलूप लावू ना?" बाबांनी विचारलं. करार त्यांच्या ध्यानात होता. तो मोडायचा म्हणून ते आले नव्हते, पाळायचा म्हणून आले होते. रात्रभर विचार करून त्यांनी दुकान आणि धाकटीचा कप्पा समोरासमोर ठेवले होते आणि धाकटीचा कप्पा निवडला होता. हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग मात्र तिचे डोळे भरून आले. कुलपाचं नंतर बघू, एवढंच ती कसंबसं म्हणाली आणि पळतच जिन्याकडे गेली.

पुढचे दोन दिवस तिला तहानभूक नव्हती. आधी स्वतःच्या सीरममध्ये तिने ते वेदनाशामक घातलं, मग आपलं औषध घातलं आणि गाळलं. औषध खाली. बाबांच्या नमुन्यात झालं होतं तसंच. म्हणजे दोष वयाचा नव्हता, गोळीचा होता. मग त्याच सीरमचा दुसरा भाग घेऊन त्यात रक्त पातळ करणारं औषध घातलं, जे पहिल्या जागी बसतं म्हणून प्रसिद्ध आहे. आता आपलं औषध हललं नाही. वरच बसून राहिलं, ढिम्म. मैत्रिणीच्या सीरममध्येही तेच दिसलं. मोठ्या बाईंनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे तुला सुचलं कसं?" धाकटीने खरं ते सांगितलं. बाईंनी टेबलाचा खण उघडला आणि आतली स्वतःची तसलीच पट्टी काढून दाखवली. कंबर, त्या म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या.

शुक्रवारी समितीच्या खोलीत इतकी थंडी होती की धाकटीला आपण फ्रीजच्या कप्प्यातच उभी आहोत असं वाटलं. तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं की आमची एक चूक झाली. औषध रोज गोळ्या घेणाऱ्यांसाठी आहे आणि आम्ही तपासलं ते गोळ्या न घेणाऱ्यांच्या रक्तात. मग तिने गळतीची कहाणी सांगितली, रक्त देणाऱ्याचं नाव न घेता. सगळं संपल्यावर जाड भिंगांच्या सभासदांनी विचारलं की म्हणजे तुमचं औषध निकामी ठरलं, असंच ना?

"नाही," धाकटी म्हणाली. "आम्ही त्याला गर्दीच्या जागी बसवायला निघालो होतो. शेजारची जागा त्या वेळी रिकामी असते. त्याला तिथे बसायला शिकवायचंय. हे आज नळीत कळलं म्हणून बरं. रोग्याच्या शरीरात कळलं असतं तर त्याला महाग पडलं असतं."

सभासदांनी आपापसात कुजबुज केली. मग चष्मेवाले म्हणाले की काम चालू ठेवा, आणि आता नमुने खऱ्या रोग्यांसारख्या माणसांचे घ्या. धाकटीचा जीव भांड्यात पडला. उठताना चष्मेवाल्यांनी टेबलाचा आधार घेतला, तिच्याजवळ येऊन थांबले आणि आवाज खाली आणून विचारलं की औषधाला ढकलणारी ती गोळी नेमकी कुठली म्हणालात? तिने नाव सांगितलं. त्यांनी नकळत कोटाचा खिसा चाचपला.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बाबांनी कुणी विचारायच्या आत दुकानाची किल्ली दादासमोर ठेवली. गुडघे बोलले, म्हणाले. आईने हातातला चमचा खाली ठेवला आणि सांगितलं की मला माहीत होतं, उशीखाली पंक्चरची डबी घेऊन कोण झोपतं? दादा किल्लीकडे बघत राहिला. इतके दिवस ती मागणारा तोच, पण आता समोर आल्यावर त्याला ती उचलवेना. तेव्हा धाकटी म्हणाली की आमच्या प्रयोगशाळेत बोटाएवढी नळीसुद्धा स्टँडला चिमटा लावून डोळ्यांसमोर धरतात. कुणी खाली बसून तिच्याकडे बघत नाही. मग अख्खी सायकल जमिनीवर ठेवून माणसाने का बसायचं? दादाने जेवता जेवता बोटाने टेबलावर एक खांब काढला, मग त्याला वर एक आडवा दांडा काढला, आणि दांड्याला चिमटा कसा बसवायचा यावर बाबा आणि तो जेवण गार होईपर्यंत भांडले. दुकान बंद करायचा विषय त्या भांडणात कुठे हरवला ते कळलंच नाही.

दादाच्या कारखान्यातून स्टँड आला. आता सायकली छातीच्या उंचीला लटकतात आणि बाबा उंच स्टुलावर बसून चाकं फिरवतात. धाकटीने त्यांना धरूनच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या कमी करून दिवसाला एकच ठेवली, तीही जेवणानंतर, आणि व्यायाम लावून दिले. व्यायामांना बाबा मनापासून शिव्या देतात आणि रोज न चुकता करतात.

नव्या नमुन्यांचं काम सुरू झालं तेव्हा पहिलं रक्त कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. बाबा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले. या वेळी बाहेर बाकावर आणखी चार-पाच वयस्क माणसं बसली होती, कुणी गुडघेवाले, कुणी खांदेवाले, आणि रांगेच्या टोकाला खुद्द मोठ्या बाई. प्रत्येक जण आपलं दुखणं चारचौघांत सांगावं लागेल म्हणून जरा अंग चोरून बसला होता. सिस्टरने पट्टा बांधला आणि नेहमीचं विचारलं, काका, काही औषध चालू आहे का?

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. छाती मागच्या वेळेसारखीच फुगली.

"चालू आहे. रोज एक," ते बाहेरच्या बाकापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले. "माझे गुडघे दुखतात."

सिस्टरने मान हलवली आणि सुई टोचली. बाहेर बाकावर कुणीतरी म्हणालं, माझेही, आणि मग सगळे आपापली दुखणी सांगायला लागले.